प्रश्न तुमचे : सांस्कृतिक अभ्यास हा विषय घ्यावा का?

प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जणू एकमेकांशी बोलून लिहिल्यासारखी आहेत. चौघांनाही सांस्कृतिक अभ्यास या विषयाबद्दल विचारायचे आहे आणि चौघेही खान्देशातले आहेत. नावे वगळून, पत्रांचा आशय थोडक्यात देऊन, उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि यंदा कला शाखेतून बारावी झाले. माझ्या मावसबहिणीने मला सांस्कृतिक अभ्यास या विषयाबद्दल सांगितले आणि तो मला फार आवडला. घरी विषय काढला तेव्हा आई म्हणाली की नाचगाणे शिकायला विद्यापीठ कशाला हवे, आणि काका म्हणाले की आपले सणवार आपल्याला पुस्तकातून का शिकायचे आहेत. हा विषय नेमका काय आहे? पदवीला तो मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेता येतो का? मी घरी अहिराणी बोलते आणि शाळेत मला त्यावरून सतत टोकले गेले आहे. त्याची अडचण होईल का?

उत्तर : तुमच्या आईंचा आणि काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीत ‘संस्कृती’ म्हटले की संस्कार, सभ्यता, अभिजात गायन, मंदिरांची शिल्पे किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातला ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ डोळ्यांपुढे येतो. म्हणजे जे निवडक आहे, नीटनेटके आहे आणि पाहुण्यांना दाखवण्याजोगे आहे, तेवढेच. सांस्कृतिक अभ्यास या विषयाचा जन्मच या समजुतीला हरकत घेण्यातून झाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ मध्ये समकालीन सांस्कृतिक अभ्यासाचे केंद्र सुरू केले. हॉगार्ट लीड्स शहराच्या कामगार वस्तीत वाढले होते. या विचाराचे दुसरे मोठे नाव रेमंड विल्यम्स यांचे. ते वेल्समधल्या एका रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. दोघांनीही उमेदीची अनेक वर्षे प्रौढांच्या वर्गांना शिकवण्यात घालवली. समोर बसलेली कष्टकरी माणसे जे वाचतात, गातात, पाहतात, ज्यावर हसतात, त्याला विद्यापीठात संस्कृती म्हणत नाहीत, ही गोष्ट त्यांना खटकली. संस्कृती ही सामान्य, रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे, असे विल्यम्स यांनी १९५८ मध्ये स्पष्टपणे लिहिले आणि पुढचा सारा विषय त्या एका वाक्यावर उभा राहिला असे म्हटले तरी चालेल.

म्हणून हा विषय नाचगाणे शिकवत नाही, आणि सणवार कसे करावेत हेही सांगत नाही. सण कोण ठरवते, त्यात कोणाला जागा आहे, कोणाला नाही, आणि ही वाटणी सगळ्यांना स्वाभाविक का वाटते, असे प्रश्न तो विचारतो. तुमच्या घरातलाच एक प्रसंग घेऊन पाहू या, कारण तो माझ्याही घरातला आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशात कानबाई ही देवी घरोघरी बसते आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, करतात. माझ्या लहानपणी आमच्या घरी रोटाचे गहू आजी स्वतः मोजत असे, आणि प्रत्येक माप घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सुपात पडत असे. आजोबांचे, वडिलांचे, काकांचे आणि अजून पाळण्यात असलेल्या माझ्या धाकट्या भावाचेही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सगळी मापे टाकून झाली तेव्हा मी विचारले, “आजी, मना नावना गहू कोठे शेतस?” आजीचा हात थांबला, ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की तुझे माप तुझ्या सासरी पडेल. पुढे माझे लग्न झाले आणि कळले की सासरीही माप पुरुषांचेच पडते. माहेरचा रोट मात्र आता मला चालत नव्हता, कारण मी त्या भावकीतून बाहेर गेले होते. कानबाई ही देवी, तिची गाणी म्हणणाऱ्या बायका, रोट लाटणाऱ्या बायका, आणि मोजणी मात्र पुरुषांची. घरोघरच्या रीती थोड्याफार वेगळ्या असतात. काही घरांत आता मुलींच्या नावानेही गहू घेऊ लागले आहेत. तो बदल कोणत्या घरात प्रथम झाला, कोणी केला आणि जुन्या माणसांनी तो कसा स्वीकारला, हे शोधणे म्हणजे सांस्कृतिक अभ्यास. मी हे सांगते तेव्हा कानबाईवरची माझी श्रद्धा कमी होत नाही, हे तुमच्या आईंना आवर्जून सांगा.

दुसरे उदाहरण दूरचित्रवाणीचे. हॉगार्ट यांच्यानंतर बर्मिंगहॅमच्या केंद्राची धुरा स्टुअर्ट हॉल यांनी १९७९ पर्यंत सांभाळली. त्यांनी १९७३ मध्ये असे मांडले की कार्यक्रम तयार करणाऱ्याला जो अर्थ अभिप्रेत असतो, तोच प्रत्येक प्रेक्षक घेतो असे नाही; कोणी तो जसाच्या तसा मान्य करतो, कोणी आपल्या अनुभवाप्रमाणे त्याला मुरड घालतो आणि कोणी तो साफ उलटा वाचतो. आता मराठी मालिका आठवा. घराची मालकीण प्रमाण मराठी बोलते आणि स्वयंपाकघरातली मदतनीस किंवा विनोदापुरता आलेला पाहुणा गावाकडची बोली बोलतो. पुण्यातल्या दिवाणखान्यात त्या बोलीवर हसू येते. अमळनेरच्या ओसरीवर तीच मालिका पाहताना कोणी हसते, कोणी गप्प होते, आणि एखादी आजी म्हणते की सगळ्या घरात माणसासारखी बोलणारी ती एकटीच आहे. हे तिन्ही प्रेक्षक एकाच वेळी खरे आहेत.

यातूनच तुमच्या अहिराणीच्या प्रश्नाकडे येते. मला स्वतःला प्राथमिक शाळेत ‘आहेत’ऐवजी ‘शेतस’ म्हटल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले होते. ते गुरुजी वाईट नव्हते, आम्हाला शुद्ध बोलायला शिकवणे हे आपले कर्तव्य आहे असे त्यांना मनापासून वाटत होते. म्हणूनच ती गोष्ट अभ्यासण्याजोगी आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खान्देशीला, म्हणजे जिच्यात आपली अहिराणी येते त्या भाषेला, मराठीच्या पोटात न टाकता भिल्ली भाषांच्या सोबत मांडले. जनगणनाही खान्देशीला मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजते, आणि २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले. त्याच्या दशकभर आधी, २००१ मध्ये, हा आकडा २० लाखांच्या वर होता. बोलणारे खरोखरच घटले, की प्रगणक दारात आल्यावर ‘मराठी’ असे सांगणारे वाढले? अहिराणी बोलणाऱ्या मुलीला हा प्रश्न जितका आतून कळेल तितका तो बाहेरून येणाऱ्याला कळणार नाही. तेव्हा अडचण तर नाहीच. ज्या साधनासाठी इतरांना दोन-दोन वर्षे घालवावी लागतात ते तुमच्याजवळ जन्मतः आहे.

आता मेजरबद्दल. आपल्या भागातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला या नावाचा स्वतंत्र मेजर साधारणपणे नसतो, आणि देशातही हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. मला विचाराल तर हे तुमच्या हिताचेच आहे. सांस्कृतिक अभ्यास हा अनेक विषयांच्या बांधावर उभा असलेला विषय आहे. एखाद्या विषयाची शिस्त आधी अंगी बाणलेली नसेल तर विद्यार्थी सगळ्यावर थोडेथोडे बोलू लागतो आणि कशावरच ठाम बोलू शकत नाही. असे निबंध मी पुष्कळ तपासले आहेत. म्हणून पदवीला मराठी, समाजशास्त्र किंवा इतिहास यांपैकी एक मेजर घ्या, दुसऱ्याला मायनर ठेवा, आणि नव्या शैक्षणिक धोरणात जे खुले वैकल्पिक विषय मिळतात त्यांत माध्यमे, लोकसाहित्य किंवा अनुवाद असे काही उपलब्ध असेल तर ते निवडा. तुमचा ओढा भाषेकडे दिसतो, त्यामुळे मराठी मेजर आणि समाजशास्त्र मायनर ही जोडी मी सुचवीन. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता आले तर अवश्य करा, कारण त्या वर्षीचा प्रबंध हीच पुढच्या प्रवेशासाठी तुमची खरी ओळख ठरेल.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहे. मुलगा जळगावला बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुंबईला माध्यमे व सांस्कृतिक अभ्यास यांत एम. ए. करायचे म्हणतो. ‘कल्चर’ म्हणजे आम्हाला टिश्यू कल्चरच्या रोपांपुरते ठाऊक. या शिक्षणावर नोकरी कोणती मिळते, हे स्पष्ट सांगावे. खोटी आशा नको.

उत्तर : आपण विनोदाने लिहिले असेल, पण आपण शब्दाचे मूळ बरोबर पकडले आहे. इंग्रजीतला ‘कल्चर’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ जमीन कसणे, मशागत करणे असा आहे; माणसाच्या मनाची मशागत हा अर्थ नंतर चिकटला. म्हणजे आपले जी-नाइन केळीचे रोप आणि आपल्या मुलाचा विषय एकाच मुळातून फुटले आहेत. आपल्या संस्कृत-मराठी शब्दात ‘संस्कार’ आहे, त्यांच्या शब्दात ‘शेत’ आहे, आणि या फरकाने किती गैरसमज होतात हे वरच्या पत्रात दिसलेच.

आता नोकरीचे. सांस्कृतिक अभ्यासाचा पदवीधर हवा, अशी जाहिरात आपल्याला वर्तमानपत्रात क्वचितच दिसेल. प्राध्यापक व्हायचे असेल तर एक अडचण आधीच माहीत असलेली बरी : यूजीसी-नेट परीक्षेच्या विषयांच्या यादीत सांस्कृतिक अभ्यास हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे जनसंज्ञापन व पत्रकारिता, भारतीय संस्कृती, लोकसाहित्य, तौलनिक साहित्य अशा जवळच्या विषयातून परीक्षा द्यावी लागते, आणि नंतर महाविद्यालयात नेमणूक होताना ‘आपली पदवी या पदाला चालते का’ हा वाद उभा राहू शकतो. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीची नेमणूक याच मुद्द्यावर दोन वर्षे अडकून पडली होती. शाळेत शिकवायचे असेल तर बी. एड. साठी शालेय विषयाची पदवी उपयोगी पडते. आपल्या मुलाची पदवी कोणत्या विषयात आहे हे आपण लिहिलेले नाही, पण ती भाषा, इतिहास किंवा राज्यशास्त्र यांपैकी एकात असेल तर हा मार्ग त्याला खुला राहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, मात्र तेथेही या नावाचा वैकल्पिक विषय नाही. समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि मराठी साहित्य हे आहेत आणि या अभ्यासाचा त्यांना चांगला आधार होतो.

मग ही मुले पुढे करतात काय? माहितीपट बनवतात, वृत्तसंस्थांत आणि प्रकाशनसंस्थांत काम करतात, वस्तुसंग्रहालये व अभिलेखागारे यांच्या प्रकल्पांवर जातात, सामाजिक संस्थांत क्षेत्रीय संशोधन करतात, अनुवाद करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे मुंबईच्या टिसमध्ये, माध्यमे व सांस्कृतिक अभ्यास यांचा जो एम. ए. अभ्यासक्रम आहे त्यात सिद्धान्ताबरोबर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष माहितीपट करावा लागतो, त्यामुळे हाताला एक कसब लागते. आपला मुलगा बहुधा त्याच अभ्यासक्रमाबद्दल बोलत असावा. तसे असेल तर तो भाबडेपणाने निवड करत नाही, असे माझे मत आहे. सुरुवातीचा पगार मात्र बहुतेक ठिकाणी बेताचा असतो आणि काम अनेकदा प्रकल्पापुरते, करारावरचे असते. पहिली तीन-चार वर्षे घरून थोडा आधार लागेल असे धरून चालावे.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. ज्या बर्मिंगहॅममध्ये या विषयाचा पाया घातला गेला, तेथला तो विभाग विद्यापीठाने २००२ मध्ये बंद केला. विषय त्याने संपला नाही; तोवर तो साहित्य, इतिहास, माध्यमे, समाजशास्त्र या सगळ्यांच्या वर्गांत पसरला होता. पण विभाग बंद होऊ शकतात, हे लक्षात ठेवून मुलाने स्वतःजवळ एक विकता येण्याजोगे कौशल्य ठेवावे, मग ते ध्वनिमुद्रण व संकलनाचे असो, अनुवादाचे असो की नेटके लिहिण्याचे. आपण बागेत सगळे खोड एकाच वेळी लावत नाही, कांदेबाग आणि मृगबाग वेगळी ठेवता, त्यामागचा आपला हिशेब मुलाला समजावून सांगा. तो त्याला माझ्या सल्ल्यापेक्षा लवकर पटेल.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील पावरा समाजाचा विद्यार्थी आहे, समाजशास्त्रात बी. ए. करतो. आमच्याकडे होळीला बाहेरून पुष्कळ लोक कॅमेरे घेऊन येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. माझ्या प्राध्यापकांनी मला सांस्कृतिक अभ्यासात पुढे जा असे सुचवले. पण मला वाटते की त्या वर्गात मी विद्यार्थी असेन की नमुना?

उत्तर : तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. त्याला झटपट दिलासा देणे योग्य होणार नाही, कारण तुमची शंका खरी आहे. काठी गावची होळी मी पाहिली आहे. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले दुधी भोपळे आणि घुंगरू, आणि पहाटे होळी पेटते तेव्हा थंडीत उभे असलेले हजारो लोक. त्या गर्दीत मी एक गोष्ट पाहिली आणि ती विसरता आली नाही : एक पाहुणा एका तरुणाला सारखे ‘इकडे बघ, आता नाच’ असे सांगत होता, आणि तो तरुण आपला फेरा सोडून त्याच्यासाठी थांबत होता. तो दिवसभराचा उपवास आणि कडक पथ्ये पाळून आलेला माणूस होता. छायाचित्रात त्यातले काहीही येणार नव्हते.

सांस्कृतिक अभ्यासाने या कॅमेऱ्याकडेच बोट दाखवायला शिकवले आहे. पाहणारा कोण, पाहिला जाणारा कोण, वर्णन लिहिण्याचा अधिकार कोणाकडे, हे प्रश्न या विषयाच्या गाभ्याशी आहेत. जुन्या मानवशास्त्राने आणि वसाहतकाळातल्या गॅझेटियरांनी सातपुड्यातल्या लोकांचे वर्णन बाहेरून, तिसऱ्या पुरुषात केले. वर ज्यांचा उल्लेख आला ते स्टुअर्ट हॉल जमैकात १९३२ साली जन्मले, १९५१ मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले, आणि ज्या देशाने त्यांच्या देशावर राज्य केले त्याच देशाच्या वर्तमानपत्रांचे आणि दूरचित्रवाणीचे विश्लेषण त्यांनी केले. म्हणजे ज्याला नमुना समजले जात होते, त्याने नजर उलटी फिरवली. तुम्हीही होळीवरच लिहिले पाहिजे असे मुळीच नाही. होळी पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर लिहा, शासनाच्या जाहिरातीत आदिवासी कसा दाखवला जातो यावर लिहा, सरदार सरोवराच्या विस्थापनानंतर पुनर्वसन वसाहतीत गेलेल्या कुटुंबांच्या गाण्यांत नर्मदा कशी येते यावर लिहा, किंवा या कशाशीही संबंध नसलेल्या पुण्यामुंबईच्या एखाद्या गोष्टीवर लिहा. आदिवासी विद्यार्थ्याने आदिवासी विषयच घ्यावा, ही अपेक्षा प्रेमाने केली जाते, तरी तीही एक चौकट आहे. एखाद्या वर्गात तुम्हाला ‘तुमच्याकडे कसे असते ते सांगा’ एवढेच विचारले जात असेल, तर ‘हे मी सांगेन, पण आधी वाचलेल्या लेखावर माझे म्हणणे ऐकून घ्या’ असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

व्यवहाराचे थोडे. आसाममधल्या तेजपूर विद्यापीठात सांस्कृतिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे आणि ईशान्येतल्या जनजातींमुळे तेथल्या वर्गात तुम्ही एकटे पडणार नाही. हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठातही हा विषय आहे, आणि हैदराबाद विद्यापीठात लोकसंस्कृती अध्ययनाचे केंद्र आहे. प्रवेशपरीक्षांचे नियम बदलत असल्याने त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे. पीएच. डी. साठी केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आहे, तिच्या दरवर्षी ७५० नव्या जागा असतात. परदेशी शिक्षणासाठी त्याच मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीच्या २० जागा असतात. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ग्रंथालय आणि संग्रहालय एकदा जाऊन पाहा. तेथे आपल्या समाजाबद्दल काय मांडले आहे ते वहीत उतरवा आणि घरी आल्यावर आजोबांना वाचून दाखवा. ते ज्या ठिकाणी ‘असे नाही’ म्हणतील, तेथे तुमचा पहिला शोधनिबंध दडलेला असू शकतो.

प्रश्न : मी धुळ्यात मराठी विषयात बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी कानबाईची गाणी हा विषय घेतला आहे. सिद्धान्ताची पुस्तके सगळी इंग्रजीत आहेत आणि ती मला झेपत नाहीत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : इंग्रजी पुस्तकापासून सुरुवात करू नका. गाण्यापासून करा. ज्या गोष्टीला हे शास्त्र आज नाव देते त्यातले बरेच काम मराठीत आधी झालेले आहे : इरावती कर्वे यांनी नातेसंबंध आणि वारी यांकडे कसे पाहिले, दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याला केवढी प्रतिष्ठा दिली, रा. चिं. ढेरे यांनी दैवतांच्या कथांमागचा समाज कसा शोधला, हे वाचले की इंग्रजीतल्या अवघड शब्दांना धरायला खुंटी मिळते. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या होत्या, हेही विसरू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पात तर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि कोणत्या गावच्या कोणत्या बाईने ती गायिली याची नोंद ठेवली गेली. ही नोंद फार मोलाची आहे. नाव नसलेले गाणे ‘लोकांचे’ म्हणून कोणीही उचलतो. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. त्यांची गाणी घरच्या माणसांनी ऐकून वहीत उतरवली नसती तर १९५१ मध्ये त्यांच्याबरोबरच ती गेली असती.

इंग्रजीसाठी दिवसाला एक परिच्छेद पुरे. तो वाचून पुस्तक मिटवावे आणि आपल्याला काय कळले ते चार ओळींत मराठीत लिहावे. जे मराठीत लिहिता येत नाही ते कळलेले नाही असे समजून परत वाचावे. वर्षभरात फरक पडतो. माझ्या विद्यार्थ्यांचा हा अनुभव आहे.

तुमचा विषय मात्र अजून फार पसरट आहे. सगळ्या खान्देशातली कानबाईची गाणी एका प्रकल्पात मावणार नाहीत. एक गल्ली घ्या, किंवा एकच कुटुंब घ्या, ज्याची एक पाती धुळ्यात आहे आणि दुसरी कामधंद्यासाठी सुरतेला गेली आहे. उधना, लिंबायत या भागांत आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात आणि तेथेही कानबाई बसते. इथे ओवाळणाऱ्या बायका जे गाणे म्हणतात ते तेथे ध्वनिक्षेपकावर वाजते का, गाण्यातल्या नदीचे नाव बदलले का, मिरवणुकीत नवीन अहिराणी गाणी कोणती आली, ती मोबाइलवरून कोणी पाठवली, एवढे जरी नीट नोंदले तरी प्रकल्प उत्तम होईल. संदर्भासाठी धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे, जे राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झाले. समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखिते आहेत. तुमच्या गाण्यांचा थेट कागद तेथे मिळेलच असे नाही, परंतु जुन्या नोंदी कशा जपतात आणि त्यांची सूची कशी करतात हे पाहण्यासाठी एक दिवस अवश्य काढा.

वहीची समोरासमोरची दोन पाने दोन वेगळ्या कामांना ठेवा. डाव्या पानावर जे पाहिले आणि ऐकले तेच लिहायचे, गाण्याचे शब्द अहिराणीत जसे उच्चारले तसेच; ‘शे’चे ‘आहे’ करायचे नाही. उजव्या पानावर तुम्हाला काय वाटले, कशाचे नवल वाटले, कोठे तुम्ही अवघडलात, ते त्याच रात्री लिहायचे. सहा महिन्यांनी प्रकल्प लिहायला बसाल तेव्हा डावे पान तुमचा पुरावा असेल आणि उजवे पान तुमचा युक्तिवाद. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा, आणि ‘नाही’ म्हटले तर मोबाइल पिशवीत ठेवा. ध्वनिमुद्रित केलेले गाणे ते म्हणणाऱ्या बाईंना परत ऐकवा. पुष्कळदा त्या ऐकताना थांबवतात आणि म्हणतात की येथे एक कडवे राहिले.

वेळेबद्दलही सांगते, कारण बहुतेक विद्यार्थी येथे चुकतात. ते रविवारी, कानबाई बसल्यावर जातात. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि कोणाला बोलायला उसंत नसते. तुम्ही दोन-तीन दिवस आधी जा, दळणाचे गहू निवडायला बायका बसतात तेव्हा. हातात एक सूप घ्या आणि त्यांच्यात बसा.